काकूंची साप्ताहिक सुट्टी

"आधी पायावर, अण्णा. तांब्या तुमच्याच हातात आहे बघा."

न्हाणीघराचं दार अर्धं उघडं आहे. आत लाल प्लास्टिकच्या स्टुलावर अण्णा बसलेत, खांद्यांभोवती पंचा घट्ट ओढून. समोर उकिडवा बसलेला दादा बादलीत स्वतःचा हात बुडवतो, बाहेर काढून त्यांना दाखवतो. "कोमट हाय. भाजत न्हाई." अण्णा त्याच्या हाताकडे बघतात, मग तोंडाकडे. तांब्या पाण्यात जातो, वर येतो. पहिलं पाणी डाव्या पायावर पडतं.

"आता गुडघ्यावर."

एका वेळी एकच गोष्ट सांगायची आणि ती होईपर्यंत गप्प राहायचं, अशी दादाची रीत आहे. पाठ चोळायची तर तो पंचा पुढे घेतो, छाती चोळायची तर मागे. अंग पुरतं उघडं पडू देत नाही. डोक्यावरून धार आली की अण्णा भेदरतात, हात उगारतात, हे त्याला ठाऊक आहे. म्हणून डोकं सगळ्यात शेवटी, तेही ओल्या फडक्यानं.

"मी घालायचे तेव्हा रोज मारामारी व्हायची," काकू दाराबाहेर टॉवेल घेऊन उभ्या आहेत. "मला वाटायचं, लवकर उरकावं, गार लागेल त्यांना. मी भसाभस ओतायचे."

साताऱ्यात गोडोलीतलं हे घर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघराचं. अण्णांचं वय 77. एसटीत वाहक होते, निवृत्त होऊन एकोणीस वर्षं झाली. मुलगा एमआयडीसीत, सून पतसंस्थेत, मुलगी पुण्यात. दादा आधी एका खासगी दवाखान्यात वॉर्डबॉय होता. आता सकाळी आठ ते बारा या घरात येतो. बारानंतरचा दिवस आणि सगळी रात्र काकूंची. त्या 72 वर्षांच्या आहेत. दुपारी सिस्टर यायच्या आहेत. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या या बाई स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या घरी जाऊन घरच्यांना शिकवतात. त्या येण्याआधीचं घर मला पाहायचं आहे, म्हणून मी सकाळीच येऊन बसले आहे.

आंघोळ झाली. दादा खाकी शर्ट पुढे धरतो. अण्णा दुसरा कुठलाच शर्ट अंगाला लावू देत नाहीत, म्हणून सुनेनं तसले तीन शिवून घेतलेत. वरच्या खिशात, बटणाच्या आत, प्लास्टिकमध्ये घातलेली चिठ्ठी आहे: नाव, पत्ता, मुलाचा नंबर. मागच्या पावसाळ्यात अण्णा पोवई नाक्यापर्यंत गेले आणि घराकडे कुठून वळायचं ते त्यांना सुचेना. ओळखीच्या रिक्षावाल्यानं आणून सोडलं. चिठ्ठी त्या दिवसापासूनची.

सुरुवात त्याच्याही आधीची. दुकानात सुट्ट्या पैशांचा हिशोब चुकू लागला. ज्या माणसानं चालत्या गाडीत साठ माणसांचे पैसे तोंडी सांभाळले, त्याला वीस रुपयांतून बारा वजा होईनात. घरचे म्हणाले, वय झालं. दीड वर्ष तसंच गेलं. मग डॉक्टरांनी रक्त तपासलं, बी-12 आणि थायरॉईड पाहिलं, कारण ते कमी-जास्त झालं तरी माणूस असा विसरू लागतो आणि ते औषधानं सुधारता येतं. मेंदूचा स्कॅन झाला. कागदावर घड्याळ काढायला लावलं. अण्णांनी बाराही आकडे एकाच बाजूला लिहिले. निदान अल्झायमरचं झालं. रात्री डोनेपेझिलची गोळी चालू आहे. तिनं काही काळ थोडा आधार मिळतो, आजार थांबत नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

दादा जातो. घड्याळात बारा.

आता मी काकूंना पाहते आहे. कुकर लावतात आणि गॅस बंद केल्यावर सिलिंडरचा नॉबही फिरवतात. भाजी चिरतात ती स्वयंपाकघराच्या दारात पाट मांडून, म्हणजे बाहेरची खोली दिसते. अण्णा उठले की सुरी खाली, त्यांच्यामागे जायचं; ते बसले की परत सुरी हातात. एक दोडका चिरायला त्यांना चार वेळा उठावं लागतं. बाहेरच्या दाराच्या कडीला घुंगरांची जुनी पट्टी बांधलेली आहे. रात्री ती वाजली की काकूंना जाग येते. "वाजली नाही तरी येते," त्या म्हणतात.

जेवताना ताटात भात, वरण, दोडका, पोळीचे बारीक तुकडे. अण्णा दोन घास खातात आणि हात थांबतो. शर्टाचा खिसा चाचपतात. मग दुसरा.

"माझी कॅश कुठाय?"

"जेवा आधी," काकू म्हणतात.

"माझी कॅश." ते आता काकूंकडे रोखून बघतात. मग माझ्याकडे वळून, तक्रार नोंदवावी तशा आवाजात सांगतात, "हिनं घेतली. ही रोज घेते. आता मी भरणा कशातून करू?"

काकूंचा चेहरा उतरतो. त्या पाणी आणायला म्हणून आत जातात आणि बराच वेळ बाहेर येत नाहीत. पन्नासहून जास्त वर्षांचा संसार. याच बाईनं तुटपुंज्या पगारात दोन मुलं शिकवली. त्या पाणी घेऊन येतात तेव्हा डोळे पुसलेले आहेत. अण्णा ते विसरूनही गेलेत. ते भात खात आहेत. काकूंच्या मनातून मात्र ते शब्द जात नाहीत, आणि या आजाराचं खरं ओझं मला इथेच दिसतं: बोलणारा विसरतो, ऐकणाऱ्याच्या लक्षात राहतं.

अशी घरं किती आहेत? 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीचा अंदाज असा, की साठीच्या पुढच्या भारतीयांपैकी 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. पुरुषांपेक्षा बायकांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत प्रमाण जास्त. यातले बहुतेक सगळे घरीच आहेत. त्यांना सांभाळणारी माणसं कुठल्याच गणतीत धरलेली नाहीत, आणि त्यांतल्या किती जणी काकूंसारख्या स्वतःच सत्तरीच्या पुढच्या असतील, याचा आपण विचारही करत नाही.

चार वाजता सिस्टर येतात. चप्पल काढून थेट अण्णांच्या समोर जाऊन बसतात, त्यांच्या नजरेच्या पातळीवर. "नमस्कार, अण्णा. मी सिस्टर. बीपी बघायला आले." मागच्या वेळी मी कोण म्हणून सांगितलं होतं, ओळखलं का, असलं काही विचारत नाहीत. अण्णा हात पुढे करतात.

बीपी झाल्यावर त्या काकूंना विचारतात, "लघवी कशी होते? रंग? जळजळ म्हणतात?" मागच्या महिन्याचा प्रसंग काकू सांगतात. दोन दिवसांत अण्णा एकदम बिघडले. भिंतीवर माणसं दिसायला लागली, रात्रभर बडबड. सगळ्यांना वाटलं, आजार वाढला. सिस्टरांनी लघवी तपासायला लावली तर जंतुसंसर्ग निघाला. औषधानं अण्णा आठवड्याभरात पुष्कळसे मूळपदावर आले.

"हे लक्षात ठेवायचं," सिस्टर काकूंना आणि नुकत्याच आलेल्या सुनेला सांगतात. "हा आजार महिन्या-महिन्यांनी पुढे सरकतो. दोन दिवसांत एकदम बदल झाला तर दुसरं काहीतरी आहे. लघवी, ताप, पोट साफ न होणं, पाणी कमी पडणं, नवीन गोळी, नाहीतर कुठे पडलेत का. त्या दिवशी वाट बघायची नाही, डॉक्टर गाठायचा."

सून वहीत लिहून घेते.

साडेपाचच्या सुमारास खोलीतला उजेड पिवळा होतो. किल्ल्यामागे ऊन गेलंय, भिंतींवर सावल्या लांबल्यात. सिस्टर मुद्दाम या वेळेपर्यंत थांबल्या आहेत. स्मृतिभ्रंशाच्या पुष्कळ रुग्णांची अस्वस्थता याच वेळी वाढते. दिवसभराचा थकवा, मंद उजेड आणि सगळं घर एकाच वेळी परत येत असल्याची गडबड, असं सगळं त्यात मिसळतं.

अण्णा उठतात. कपाट उघडतात, बंद करतात. कॉटखाली वाकून बघतात. "पेटी कुठाय?" पुन्हा कपाट. "बामणोलीची मुक्कामाची गाडी आहे. कंट्रोलर नाव घेईल माझं."

पहिल्या पाळीवरून येऊन, झोप काढून मुलगा उठला आहे. "अण्णा, रिटायर झालात तुम्ही. एकोणीस वर्षं झाली. कसली पेटी?"

"कोण रे तू? गाडीत माणसं बसलीत माझ्या!" अण्णा दाराकडे निघतात. घुंगरं वाजतात. काकू दार अडवायला धावतात, मुलगा दंड धरतो, टीव्हीवर बातम्या चालू आहेत. सगळे एकदम बोलताहेत आणि अण्णांचा आवाज त्या सगळ्यांच्या वर चढतो आहे.

"दिवा लावा आधी," सिस्टर सुनेला म्हणतात. "टीव्ही बंद. आणि तुम्ही हात सोडा त्यांचा."

ट्यूब लागते. पडदा ओढला जातो, सावल्या जातात. आवाज थांबल्यावर सिस्टर अण्णांच्या समोरून, दोन पावलं लांब उभ्या राहून विचारतात, "अण्णा, आधीच्या फेरीचा भरणा झाला का?"

अण्णा थबकतात.

"भरणा केल्याशिवाय पुढची गाडी कशी घेणार?"

"भरणा राहिलाय," अण्णा म्हणतात. आवाज उतरला आहे.

सून फळीवरून स्टीलचा डबा काढते. तो नाण्यांनी भरलेला आहे. एक, दोन, पाच, दहाची नाणी. अण्णा टेबलाशी बसतात. डबा उपडा होतो आणि त्यांचे हात चालू लागतात. मी जवळ सरकून बघते. सकाळी ज्या बोटांना बटण सापडत नव्हतं, ती बोटं आता अंगठ्यानं नाणं पुढे सरकवतात, तर्जनीनं थांबवतात, दहाची चवड झाली की तळहाताच्या कडेनं सारखी करून बाजूला लावतात. दोनची नाणी एकीकडे, पाचची दुसरीकडे. बेरीज चुकते आहे. ते तोंडानं म्हणतात तो आकडा आणि टेबलावरची रक्कम जुळत नाही. हातांना त्याची फिकीर नाही. त्या हातांनी हे काम हजारो रात्री केलं आहे.

चवडी लागल्यावर सून वही पुढे ओढते, आकडा लिहिते, खाली सही करते. अण्णा तिच्या पेनाकडे बघत आहेत.

"कमी नाही ना?"

"एक पैसा कमी नाही, अण्णा."

ते खुर्चीत मागे टेकतात. काकू चहा आणतात. पेटीचा विषय निघत नाही.

मुलाला हे पटलेलं नाही. बाहेर ओट्यावर येऊन तो सिस्टरांना विचारतो, "पण हे खोटंच झालं ना? रोज त्यांना फसवायचं?"

प्रश्न मनापासूनचा आहे, आणि सिस्टर त्याला तितक्याच मनापासून उत्तर देतात. "तुम्ही मघाशी खरं तेच सांगितलंत. काय झालं? त्यांना बामणोलीला जायचंच होतं असं नाही. काहीतरी करायचं राहिलंय, आपल्यावर बोट येईल, ही धास्ती आहे. एकोणीस वर्षांचा हिशोब सांगून ती जात नाही. ज्याच्यापाशी भरणा करून तुमचे वडील रोज निश्चिंत घरी यायचे, असा कोणीतरी त्यांना संध्याकाळी पाहिजे." मग म्हणतात, "रोज जमेल असं नाही. उद्या डबा फेकूनही देतील. तेव्हा दुसरं बघायचं. गच्चीवर फिरवायचं, शेंगा सोलायला द्यायच्या. वाद मात्र घालायचा नाही."

दुपारच्या जेवणातला तो आरोप मला आता नीट समजतो. वाहकाच्या नोकरीत कॅश कमी भरणं म्हणजे अब्रूचा प्रश्न. स्मृती गेली, ती भीती राहिली, आणि सगळ्यात जवळ जी व्यक्ती आहे तिच्यावर ती येऊन पडते. सिस्टर हेच काकूंना सांगतात, त्यांचा हात हातात घेऊन. काकू मान हलवतात. समजलं म्हणून दुखायचं थांबत नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं आहे.

मग सिस्टर आपल्या वहीचं एक कोरं पान फाडतात आणि सगळ्यांना बसायला सांगतात. मुलीला पुण्याला फोन लावला जातो, स्पीकरवर.

"काकू, रात्री किती वेळा उठता?"

"तीन-चार."

"सलग झोप शेवटची कधी लागली?"

काकू आठवून बघतात आणि उत्तर देत नाहीत. सिस्टर मुलाकडे वळतात. "एसटीत ड्रायव्हर-कंडक्टरला साप्ताहिक सुट्टी असते?"

"असते की."

"रात्रीच्या मुक्कामानंतर लगेच दुसऱ्या लांबच्या गाडीवर पाठवतात?"

"नाही. आराम द्यावा लागतो. नाहीतर गाडी ठोकेल."

"आईची सुट्टी कुठल्या वारी?"

"आई तर घरीच..." मुलगा म्हणतो आणि वाक्य तिथेच सोडतो.

या घरात प्रेम कमी नाही. प्रश्न तासांचा आहे. चोवीस तासांचं काम एका म्हातारीच्या अंगावर टाकून बाकीचे तिच्या सहनशीलतेचं कौतुक करतात, हे मी घरोघर पाहते आहे. "घरात सून असताना बाहेरचा माणूस कशाला ठेवता?" असं अण्णांचे धाकटे भाऊ येऊन विचारून गेलेत, स्वतः एक दुपार बसतो असं त्यांनी म्हटलं नाही. पैशांची अडचणही खरी आहे. अण्णांची पेन्शन साडेतीन हजारही नाही. नर्सिंग ब्युरोचा बारा तासांचा माणूस या घराला झेपणारा नाही, म्हणून दादा चारच तास येतो. पण जे चार तास मिळाले, त्यांनी आंघोळीची मारामारी संपवली.

घरच्यांना शिकवण्यानं आणि आधार देण्यानं खरंच काही फरक पडतो का, हे गोव्यात रीतसर तपासलं गेलं आहे. डॉ. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन तालुक्यांतली 81 कुटुंबं घेतली. स्थानिक भाषा बोलणाऱ्या, तिथल्याच, तज्ज्ञ नसलेल्या कार्यकर्त्यांना थोडक्या दिवसांचं प्रशिक्षण दिलं. अर्ध्या कुटुंबांच्या घरी ते सहा महिने जात राहिले: आजार समजावून सांगायचा, वागणं कसं हाताळायचं ते दाखवायचं, घरातल्या घरात काम वाटून घ्यायला लावायचं, गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञ गाठून द्यायचा. 2008 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रुग्णांच्या क्षमतेत ठळक फरक पडला नव्हता, काळजी घेणाऱ्यांचा मानसिक ताण मात्र स्पष्टपणे उतरला होता. मला तो निष्कर्ष फार मोलाचा वाटतो. ज्या आजाराला उतार नाही, त्यातही घरातलं दुसरं माणूस वाचवता येतं, आणि त्यासाठी मोठं हॉस्पिटल लागत नाही. आपल्याकडे गावोगाव आशाताई आहेत. बाळंतिणीच्या घरी जसं कुणीतरी विचारपूस करायला जातं, तसं या घरांतही कुणीतरी ठरावीक दिवशी गेलं पाहिजे. ही मागणी आपण लाजत करायचं कारण नाही. तोवर ज्येष्ठांसाठी 14567 आणि मानसिक आरोग्यासाठी 14416 हे सरकारी दूरध्वनी आहेत. सून तेही वहीच्या पहिल्या पानावर उतरवते.

पानावर रकाने पडत आहेत. मुलाच्या कंपनीला गुरुवारी सुट्टी. गुरुवारी सकाळी दादा असेलच; बारानंतर मुलगा. संध्याकाळचा भरणा सुनेकडे, तो ती आत्ताच निभावते आहे. बुधवारची आणि शनिवारची रात्र मुलगा अण्णांच्या खोलीत झोपेल, काकू आतल्या खोलीत, दार लावून. फोनवरून मुलगी सल्ला द्यायला लागते, सिस्टर तिला मधेच थांबवतात. "ताई, सल्ला नको. महिन्यातला एक रविवार द्या. आणि दादाचे दोन तास वाढवायचे पैसे." पलीकडून क्षणभर आवाज येत नाही. मग, "दुसरा रविवार माझा," असं ऐकू येतं.

"आणि गुरुवारी मी जाऊ कुठं?" काकूंना हे सगळं अजून खरं वाटत नाही. "यांना सोडून?"

"आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे," सिस्टर म्हणतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन सांगून वर्ष झालं, काकू ते पुढे ढकलताहेत, हे त्यांनी औषधांच्या पिशवीतल्या जुन्या चिठ्ठीवरून हेरलं आहे. "हे लाड नाहीत, काकू. 2024 साली लॅन्सेट आयोगानं स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण आपल्याला काही करता येण्याजोग्या चौदा गोष्टी सांगितल्या. त्यांत उपचार न केलेली अधू नजर नव्यानं आली. ऐकू कमी येणं, बीपी, एकटं पडणं तर आधीपासून आहेत. तुमचे डोळे, तुमचं बीपी, तुमचं माणसांत जाणं, हे सगळं या घराच्या औषधपाण्यातच धरायचं."

काकू ऐकून घेतात. अण्णा खुर्चीत चहा पीत आहेत, बशीत ओतून, न सांडता. काकू त्यांच्याकडे एकदा बघतात, मग कागदाकडे.

"डोळ्यांचं एका गुरुवारी होईल," त्या म्हणतात. "दुसऱ्या गुरुवारी वाईला जाईन. थोरली बहीण आहे माझी. दोन वर्षं गेले नाही."

"जा की," मुलगा म्हणतो. "बायकांना तिकीटही अर्धंच आहे आता. नऊ ते सहा लिहितो."

काकू पदर सावरून कागदावर वाकतात, रकान्यावर बोट ठेवतात.

"नऊ नको. साडेआठ लिही. वाईची गाडी पावणेनऊला आहे."